गुरुदास पेंटरने काढलेला जवान

युद्धाच्या सिनेमांचे बोर्ड काढावेत तर पाळी गावच्या गुरुदास पेंटरनेच, असं एके काळी डिचोलीत म्हणत. धुराचे लोट, रणगाडा, बंदूक उगारून धावणारा जवान. चार दिवसांत वीस फुटी बोर्ड थिएटरवर चढायचा. पुढे फ्लेक्स आले, थिएटरला कुलूप लागलं आणि गुरुदास खनिजाच्या ट्रकांवर देवांची नावं रंगवू लागला. त्याचा एकुलता एक मुलगा सर्वेश सैन्यात गेला.

यंदा जानेवारीत गावच्या मंडळाने देवळासमोर पडदा लावून युद्धपट दाखवायचं ठरवलं आणि हौसेने हाताने रंगवलेला बोर्ड मागितला. गुरुदासला हुरूप आला. जवानाच्या चेहऱ्यासाठी त्याने सर्वेशचा फोटो समोर ठेवला. जवान जखमी हवा, म्हणून कपाळावर लाल रंगाचा ओघळ सोडला. बायको सुमंगला बघायला आली ती दारातच थबकली.

“पोराच्या कपाळाक रगत कित्याक लायलात?”

सिनेमाच तो, म्हणून त्याने हसण्यावारी नेलं.

मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. सर्वेश जम्मूकडे होता आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास गौरेशच्या गाड्यावर भाजी-पाव खायला गेला, तर गौरेश त्याच्या नजरेला नजर देईना. शेवटी त्याने मोबाईल पुढे केला. सर्वेशचा चेहरा, कपाळावर रक्त, खाली पेटती पणती आणि अक्षरं: गोव्याचा सुपुत्र शहीद.

चित्र गुरुदासनेच बोर्डावर काढलेलं होतं. सिनेमाचं नाव कुणीतरी कापलं होतं, पण कानामागे ब्रश घसरलेली जागा त्याने ओळखली. गौरेशला त्याने तसं सांगितलंही. सांगता सांगता मात्र भलताच विचार मनात शिरला. खबर खरी असेल, आणि फोटो मिळाला नाही म्हणून कुणी हे चित्र लावलं असेल तर?

घरी पोचला तेव्हा शेजारणी ओसरीवर जमल्या होत्या. सुमंगला खांबाला टेकून बसली होती. ती रडत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती. त्याने ओळखीच्या निवृत्त सुभेदारांना फोन लावला. ते म्हणाले, असल्या निरोपावर विश्वास ठेवू नका, खरी खबर मोबाईलवर फिरत नाही, ती घेऊन माणसं घरी येतात.

सुभेदारांनी हे धीर द्यायला म्हणून सांगितलं, पण गुरुदासची नजर त्या क्षणापासून रस्त्याला चिकटली. ट्रक आला की काळजात धस्स व्हायचं, आणि तो पुढे गेला की जरा श्वास यायचा. साडेअकराला पोलिसांची जीप आली. ती पुढे गेली नाही. फाटकाशी थांबली.

हवालदार उतरला. सुमंगलाने गुरुदासचा हात धरला तो इतका घट्ट, की बांगडी त्याच्या मनगटात रुतली.

“सर्वेशचं घर हेच?” हवालदाराने विचारलं.

गुरुदासने मान हलवली.

“हा फोटो फिरतोय. खरा की खोटा, ते विचारायला पाठवलंय आम्हाला.”

म्हणजे त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. गुरुदासने त्यांना मंडळाच्या खोलीत नेऊन बोर्ड दाखवला. हवालदाराने त्याचा फोटो काढला आणि ही अफवा असल्याचं वर कळवतो म्हणाला. बापाचा जीव मात्र अर्धाच भांड्यात पडला होता, सर्वेशचा फोन अजून लागत नव्हता.

दुपारी तीनच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

“बाबा, मी बरो आसंय. आवशीक सांग.”

गुरुदासने फोन सुमंगलाच्या कानाला लावला आणि स्वतः परसात जाऊन माडाच्या बुंध्याशी बसून राहिला.

आठवड्याने तेच चित्र सावंतवाडीहून सुमंगलाच्या बहिणीने रडत रडत धाडलं. सर्वेश त्या सकाळीच बोलला होता, सुखरूप होता. तरी चित्र उघडताच गुरुदासला राहवेना. त्याने सर्वेशला पुन्हा फोन लावला, आणि तो उचलेपर्यंत घंटा मोजत राहिला.