आबांच्या खिशातले व्हिडिओ

आमच्या लोणावळ्याच्या घरातला कॉम्प्युटर मूळचा आंबी गावचा. आबा, म्हणजे माझे सासरे, टाकव्याची, म्हणजे आपल्या गावची, शेती सांभाळून आंबीच्या एका कारखान्यात स्टोअरला कामाला होते. कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी साहेबांना सांगून जुना एक मागून घेतला, सून शाळेत शिकवते म्हणून. ओळखीच्या दुधाच्या टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून, मॉनिटर मांडीवर धरून त्यांनी तो घरी पोचवला. तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. इथल्या दमट हवेत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पण हा टिकला.

मागच्या वर्षी वार्षिक निकालाच्या वेळी मात्र तो अडला. शाळेची गुणांची फाइल उघडेना, हार्ड डिस्क भरली म्हणून सांगू लागला. नवरा म्हणाला, आता नवा घेऊन टाकू. मी म्हटलं, आधी साफ तरी करून बघू.

रविवारी सकाळी बसले. त्या दिवसांत सासूबाई आमच्याकडेच होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद केला होता. त्यामुळे त्या कंटाळून गेल्या होत्या. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मी काय करते ते विचारत राहिल्या.

जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या, दोनदोनदा ठेवलेले लग्नाचे फोटो काढले, तरी फारशी जागा होईना. मग कुठली फाइल किती मोठी आहे ते पाहिलं, तर सगळी जागा आबांनी अडवलेली. त्यांचा मोबाइल भरला की ते लोणावळ्याला आल्यावर माझ्याकडे द्यायचे आणि मी त्यातलं सगळं न बघता कॉम्प्युटरवर टाकून द्यायची. आता एकेक व्हिडिओ उघडला, तर पडदा काळा. दुसरा उघडला, तोही काळा. आबांचा अंगठा लागून व्हिडिओ सुरू व्हायचा आणि फोन तसाच बंडीच्या खिशात जायचा. असे कितीतरी होते, काही तासतासभराचे.

मी ते सगळे एकदम पुसणार होते. पण एक चालूच राहिला होता आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब. हे आमचं फाटक वाजलं."

मला नुसती खरखर ऐकू येत होती. सासूबाई मात्र काळ्या चष्म्याआडून एकेक सांगू लागल्या. आता बांधावरनं चाललेत, चिखल हाय, चप्पल हातात घेतली असंल. आता गिरणी आली. हा खोकला त्यांचा न्हाई, शेजारच्या भाऊंचा. मी पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. वाटेत भेटेल त्याला आबा जेवलास का विचारत होते आणि सासूबाई तो माणूस कोण, कुणाचा, हे आवाजावरून ओळखत होत्या. चहा झाला, स्वयंपाक राहिला, आम्ही एकामागून एक व्हिडिओ लावत गेलो.

त्यातल्या एकात आबा गोठ्यात होते. बादलीत धारा पडत होत्या आणि ते म्हशीशी बोलत होते. सासूबाई तेव्हा माहेरी गेल्या असणार, कारण आबा म्हशीला म्हणाले, "आज मालकीण न्हाई. दूध कमी दिलंस तरी चालंल. एकट्याला चा बी गोड लागत न्हाई."

पुढे नुसत्या धारांचा आवाज. चष्मा जरा वर करून सासूबाईंनी पदरानं गाल पुसला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरीही.

"पुन्यांदा लाव की," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा लावला. त्यानंतर ते व्हिडिओ पुसायचं धाडस मला होईना आणि न पुसता निकाल लागणार नव्हता. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती हसत म्हणाली, अगं, चित्र काळंच आहे तर ठेवतेस कशाला, आवाज तेवढा वेगळा काढून घे. कसं करायचं तेही तिनं सांगितलं. दोन दिवस शाळेतून आले की तेच करत बसायची. आवाजाच्या फाइली अगदी लहान झाल्या, काळे व्हिडिओ गेले, डिस्क निम्म्याहून जास्त मोकळी झाली आणि गुणांची फाइल उघडली.

डॉक्टरांनी घरी जायला हो म्हटल्यावर आबा सासूबाईंना न्यायला आले. मी त्यांना गोठ्यातला आवाज ऐकवला. आधी त्यांना स्वतःचा आवाजच ओळखू येईना. ओळखल्यावर ते उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "म्हशीशी बोलावंच लागतंय, त्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई."

सासूबाई पिशवी भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "व्हय, म्हशीलाच चा गोड लागत नसंल."

आबा लाजले. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, हे बंद कसं करायचं ते मला नीट शिकव. मी व्हिडिओ चालू असताना पडद्यावर दिसणारी लाल टिकली दाखवली, कुठे दाबायचं, ती कशी विझते, सगळं दाखवलं. त्यांनी शाळेतल्या मुलासारखं परत परत करून बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. "कशाला शिकवतीस गं," एवढंच म्हणाल्या.

दुपारच्या लोकलनं दोघं टाकव्याजवळच्या कान्हे स्टेशनावर उतरायला म्हणून निघाली. आबांनी सासूबाईंचा हात धरला होता, डोळ्याचं कारण सांगून.

दिवाळीत ते परत आले आणि फोन भरलाय म्हणाले. या वेळी मी सगळं उघडून पाहिलं. काळा व्हिडिओ एकही नव्हता. फोटो होते, सगळे सासूबाईंचे. भाताच्या खाचरात, गोठ्याशी, चुलीपुढे. बहुतेकांत डोकं कापलेलं, नाहीतर नुसता पदर आलेला. मी ते सगळे कॉम्प्युटरवर घेतले आणि आबांना फोन परत दिला.