दिसेल तेवढाच रस्ता

आम्ही पडलो तो गुरुवार होता, आणि मला खुपलं ते नेमकं तेवढंच. लालबागच्या आमच्या चाळीत लहानसं दत्ताचं देऊळ आहे. त्या सकाळी तिथे पाया पडून मी आणि माझी बायको सुजाता मोटरसायकलवर निघालो होतो. परळचा पूल उतरताना वळणात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं, वेग जास्त झालाय. घाबरून ब्रेक दाबला, आणि ओल्या रस्त्यावर गाडी अंगाखालून निघून गेली. माझ्या खांद्याचं हाड मोडलं, तिचं मनगट. हाडं यथावकाश जुळली, पण मनात एक प्रश्न अडकून राहिला. नमस्कार करून निघालेल्या माणसाला देवाने पाडावं कशाला? तोंडाने मी कधी काही बोललो नाही. नुसतं देवळात जाणं थांबलं, आणि गाडीवर कव्हर चढलं. सुजाताने दोन्हींबद्दल मला कधी छेडलं नाही.

गणपती तोंडावर आले होते. रविवारी सकाळी गिरगावातून तिच्या भावाचा, दिनेशचा फोन आला. सासूबाई तिथल्या हॉस्पिटलात होत्या. दुसऱ्या दिवशी ठरलेलं हृदयाचं ऑपरेशन डॉक्टरांनी त्याच सकाळवर आणलं होतं. "ताई, आई सही करत नाही," तो रडवेला होऊन सांगत होता. "म्हणते, सुजा आल्याशिवाय मी आत जाणार नाही. डॉक्टर म्हणतायत, जास्त थांबणं बरं नाही." आमच्याकडे मूर्तींच्या आगमनाची गर्दी, रस्त्यांवर बॅरिकेड, टॅक्सीवाला कोणी थांबेना. रेल्वेचा मेगाब्लॉक. मी फोनवर गाड्या शोधत बसलो होतो. सुजाता खाली गेली आणि तिने मोटरसायकलचं कव्हर काढलं. मी खाली पोचल्यावर म्हणाली, "हळू चालवा, पण चालवा."

आतले रस्ते बंद असल्यामुळे सातरस्त्यावरून हाजीअलीकडे वळलो. सरळ रस्त्यावर काही वाटत नव्हतं. वळण आलं की मात्र हात लाकडासारखे व्हायचे. नको तिथे ब्रेक लागायचा, गाडी डगमगायची, मागून हॉर्न वाजायचे. मनात 'दत्तगुरू, दत्तगुरू' चाललं होतं, पण त्यात भक्ती नव्हती, नुसती भीती होती.

हाजीअलीच्या सिग्नलला एक बाई शेजारी येऊन थांबली. साठीच्या आसपासची, फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर रेनकोट, खाली जुनी मोटरसायकल. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "अरे बाबा, वळणात आत जाऊन ब्रेक काय मारतो?"

सुजाताच म्हणाली, "मावशी, एकदा पडलोय आम्ही. आणि आईचं ऑपरेशन आहे गिरगावात, लवकर पोचायचंय."

"मग माझ्या मागे ये. मी पण तिकडेच चाललेय, चर्चला." मग माझ्याकडे वळून ती सावकाश बोलली. "स्पीड वळणाच्या आधी कमी कर, आत गेल्यावर नाही. रस्त्याच्या दोन कडा लांब जिथे मिळतात ना, तिथे बघत राहा. ती जागा जवळ यायला लागली तर अजून हळू हो. लांब पळायला लागली की वळण संपलं. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, बस."

सिग्नल सुटला. पेडर रोडभर मी तिच्या मागे होतो. ती वळणाआधी हळूहळू वेग सोडायची, कलायची, आणि रस्ता उघडला की पुन्हा उचलायची. मीही कडांकडे बघू लागलो. थोड्या वेळाने जाणवलं, खांदे सैल पडलेत, आणि नामस्मरणही आपोआप संथ झालंय.

केम्प्स कॉर्नरवरून बाबुलनाथाकडे उतार लागला. रस्ता मोकळा होता. सुजाताच्या पर्समध्ये फोन वाजत होता. "दिनेशच असेल," ती कानाशी म्हणाली, "थोडं जोरात घ्या ना." मलाही वाटलं, मावशीला मागे टाकून पुढे जावं. तेवढ्यात दोन्ही कडा उंच भिंतीपाशी मिळालेल्या दिसल्या, आणि ती जागा झपाट्याने जवळ येत होती. पुढे मावशी आणखी मंदावली. मीही वेग सोडला.

भिंतीआड एक भलीमोठी फांदी रस्त्यावर आडवी पडली होती, पानांसकट, आमची सगळी बाजू अडवून. मावशीने हात वर केला आणि ती थांबली. मीही थांबलो, अगदी शांतपणे, मध्ये बरंच अंतर ठेवून. घडलं ते एवढंच. सुजाता उतरली आणि फांदीकडे बघत राहिली. "मी जोरात घ्या म्हणाले होते," ती हलकेच म्हणाली.

तोवर मावशी वळणाच्या अलीकडे जाऊन, कडेला उभी राहून मागच्या गाड्यांना हात दाखवू लागली होती. "फुटपाथवरून काढा गाडी आणि निघा," ती ओरडली. "मी उभी राहते इथे. मागून कोण येईल, त्याला कसं कळणार?"

"आणि तुमची चर्चमधली मिस्सा?" सुजाताने विचारलं.

"देव थांबेल गं. डॉक्टर थांबणार नाही. जा!"

सासूबाई खाटेवर बसून होत्या. "आलीस?" एवढंच म्हणाल्या. सुजाताचा हात धरूनच त्यांनी सही केली. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की सगळं नीट झालं. संध्याकाळी परतताना आम्ही मुद्दाम त्या वळणापाशी थांबलो. फांदी कापून नेली होती, रस्त्यावर ओला भुसा पडला होता. मावशी तिथे असण्याचं कारणच नव्हतं. तिलाही घर असेल, जेवणाला वाट बघणारं कोणी असेल. ती कोणी निराळी होती, असं मी म्हणत नाही. त्या रविवारी ती माझ्या पुढे होती, एवढं मात्र मला पुरतं.

नमस्कार केला की पुढचा सगळा रस्ता देवाने साफ करून ठेवावा, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, त्याने दिसेल तेवढाच रस्ता आपल्या हाती दिलाय. तेवढ्यात आपण नीट चालावं, आणि भिंतीपलीकडचं त्याच्यावर सोपवावं. सोपवलं की वेगाची घाईही उरत नाही.

पुढच्या गुरुवारी मी देवळात गेलो. स्वतःसाठी मागायचं काही सुचेना, म्हणून त्या बाईसाठी हात जोडले. नाव विचारायचं राहून गेलं होतं. 'आमच्या मावशीला सांभाळ' एवढंच म्हणालो. कोण मावशी, ते त्याला सांगावं लागलं नसेल.