दसऱ्याच्या सकाळी पेट्रोलची आंघोळ

गाडी बंद असली तरी पेट्रोलच्या नळीत जोर कोंडलेला असतो, तो आधी उतरवावा लागतो, हे मला पेट्रोलनं तोंड धुतल्यावर कळलं. तेही दसऱ्याला, नव्या साडीत.

नांदेडच्या आमच्या दारात तेव्हा इंजेक्शनची, म्हणजे पंपाच्या जोरानं पेट्रोल फवारणारी, नवी गाडी आली होती. आधीची कार्ब्युरेटरवाली गरीब गाय होती. नळी ओढा, फुंका, परत लावा. तेवढ्यावर मी स्वतःला अर्धी मिस्त्री समजायची. शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून उरलेली अर्धीही.

त्या दिवशी सासूबाईंना निलंग्याला न्यायचं होतं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्या हातात सोनं दिल्याशिवाय आत्याबाईंचा दसरा होत नसे. आणि गाडी आचके देत होती. पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला. नवा आणून ठेवला होता, पण मिस्त्री फोनवर म्हणाला, "पान्हे पूजेला मांडलेत, मॅडम. आज हात लावत न्हाई."

"मीच बदलते," म्हणून मी पदर खोचला. गाडीच्या पुस्तकात यावर अख्खं पान होतं. पोरांना 'आधी धडा वाचा' म्हणून ओरडणाऱ्या या बाईनं ते उघडलंच नव्हतं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण न काढणारी मी, नळीचा नट मात्र सरळ फिरवला. फस्सकन पेट्रोल डोळ्यांत, पदरावर, सगळीकडे.

नेमक्या तेव्हाच आत्याबाई गाडीच्या पूजेचं ताट घेऊन पायरीवर आल्या. ताटात निरांजन पेटलेलं.

लग्नानंतर एकदा मी दिवा तोंडानं फुंकला होता, तर याच बाई मला आठवडाभर बोलत होत्या. दिवा फुलानं शांत करायचा, फुंकायचा नाही. त्या दिवशी त्यांना वास आला, त्या जागीच थबकल्या आणि फू! अशी फू, की ताटातल्या अक्षतासुद्धा उडाल्या. ताट तिथंच टाकून त्यांनी मला नळाखाली धरलं.

"डोळे उघड. उघड म्हणते ना, बये! दिसतंय का? कोण हाय मी?"

"आत्याबाई."

"मग दिसायलंय."

साडी बदलून मी मुकाट्यानं पुस्तक वाचलं. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, किल्ली एकदोनदा फिरवून बघा, मग बॅटरीची वायर सोडा. त्यानंतरच नळीला फडकं गुंडाळून नट हळूच सैल करा. मला त्या दिवशी जोर उतरवायची गरज उरली नव्हती, तो माझ्या अंगावर उतरला होता. वास पार गेल्यावर बॅटरी सोडून फिल्टर बसवला. पुढं प्रत्येक वेळी मात्र फ्यूजपासूनच सुरुवात केली.

आता आत्याबाई नाहीत. पण दसऱ्याला झेंडूचा वास आला की मागोमाग पेट्रोलचा येतो, आणि त्या शेजारच्या सीटवर बसल्यात असं वाटतं. त्या दिवशी लातूर मागं पडलं. तेव्हा मी घाबरत म्हटलं, "आत्याबाई, सणाचा दिवा फुंकलात तुम्ही. माझ्यामुळं."

त्यांनी मांडीवरची आपट्याची पानं नीट केली.

"दसरा काय, दरसाल येतो. या वयात नवी सून वळणाला लावायची म्हंजे लई ताप हाय, माय."