चौऱ्याऐंशीव्या पानाची पाठ

चार संच शिवून झाले होते. पाचव्याची पानं लावत होते, तेव्हा माझा हात चौऱ्याऐंशीव्या पानावर थांबला. दुपारचे दोन वाजले होते. चारच्या एसटीनं संच हायकोर्टाकडं निघायचे होते, कारण दुसऱ्या दिवशी ते दाखल करायची शेवटची मुदत होती.

मी बीडमध्ये एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात कागद शिवते. चौथी शिकले आहे. मराठी हळूहळू वाचता येतं, आकडे येतात, इंग्रजी येत नाही. आले होते झाडलोट करायला. एकदा घाईत एका बाडाचा दोरा तुटला, मी तो नीट ओवून दिला, तेव्हापासून हेच काम. दोरा मेणातून ओढायचा, टोच्यानं भोकं पाडायची, दाभणानं शिवायचं. नऊ वर्षं झाली.

जे शिवते त्याला पेपरबुक म्हणतात. खालच्या कोर्टात केस चालते, साक्षीदार येतात, बोलतात, निकाल लागतो. हरलेला माणूस वर हायकोर्टात अपील करतो. पण वर साक्षीदार पुन्हा येत नाहीत. खाली जे कागदावर उतरलं तेवढंच वर जातं. साक्षी, पंचनामे, डॉक्टरचा दाखला, निकाल, सगळं ओळीनं लावलेलं बाड. तेच पेपरबुक. दोन संच दोन न्यायाधीशांना, एक सरकारी वकिलांना, एक आपल्या साहेबांना, एक जास्तीचा.

साहेबांनी मला एकदा समजावलं होतं. दिवाणी केस, म्हणजे जमिनीची, वाटणीची, दुसऱ्यांदा अपिलात गेली की हायकोर्ट पुन्हा बांध मोजायला बसत नाही. कायदा बरोबर लावला का, एवढंच बघतं. फौजदारीत शिक्षा झालेला माणूस अपिलात गेला, तर मात्र सगळा पुरावा पहिल्यापासून वाचतं. खालच्या न्यायाधीशांनी साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला असतो, त्याचा घाम पाहिलेला असतो. वरच्यांकडं फक्त कागद. मला तेव्हापासून वाटतं, मी कागद शिवत नाही, कुणाचं तरी बोलणं शिवते. दुपारी ऑफिसात कुणी नसलं, खिडकीतून ऊन गठ्ठ्यावर आलं, की पानापानांतून माणसं हळू बोलताहेत असं वाटतं. हे कुणाला सांगितलं नाही. हसतील.

त्या दिवशीची केस परळीची होती. प्रकाश नावाचा तिशीतला माणूस, वीज केंद्राच्या राखेच्या गाड्यांवर काम करायचा. रेल्वे गेटाजवळच्या चहाच्या हॉटेलापाशी दिवेलागणीनंतर भांडण झालं, एक जण चाक खोलायच्या लोखंडी टॉमीच्या घावानं मेला. टॉमी प्रकाशनं मारली असं हॉटेलवाल्यानं सांगितलं. त्याच्या साक्षीवर प्रकाशला जन्मठेप झाली. खाली ज्या वकिलांनी केस चालवली ते पुढं वारले. मग त्याची आई गयाबाई आमच्या साहेबांकडं आली. प्रत्येक तारखेला परळीहून यायची, बाहेरच्या बाकावर बसायची, कुणाला काही विचारायची नाही. त्या दिवशीही बसली होती. संच गाडीत बसलेले तिला डोळ्यांनी बघायचे होते.

चौऱ्याऐंशीवं पान हॉटेलवाल्याच्या साक्षीचं शेवटचं पान. खाली त्याची सही. सहीच्या वर एक ओळ होती. मी ती बोट ठेवून वाचली. 'जेवणाच्या सुट्टीकरिता उलटतपासणी तहकूब.'

उलटतपासणी म्हणजे समोरच्या वकिलानं साक्षीदाराला उलटसुलट विचारायचं. ती सुट्टीसाठी थांबली. पुढचं पंच्याऐंशीवं पान डॉक्टरांचं होतं. मला वाटलं, हॉटेलवाला जेवायला गेला तो परत आलाच नाही का? कोर्टातलं माणूस असं जात नाही. सुट्टीनंतर 'शपथेवर पुढे चालू' असं लिहिलेलं असतं. ते कुठं दिसेना.

मग दुसरी गोष्ट दिसली. पानावर अक्षरांच्या मागं करड्या सावल्या होत्या. उलटी अक्षरं, फिकट, पडद्याआडून माणसं चालताहेत अशी. ज्याची झेरॉक्स काढली तो मूळ कागद पातळ असला आणि त्याच्या मागं काही लिहिलेलं असलं की ते असं पुढं उमटतं. मी पान उलटलं. मागं कोरं.

हबीब मुंशी समोर बसून पावत्या लावत होते. मुंशी म्हणजे वकिलाचा कारकून. तीस वर्षांचा अनुभव, ऑफिसात साहेबांच्या खालोखाल त्यांचा शब्द. माणूस प्रेमळ, पण नंबर टाकण्यात आपली चूक निघते हे त्यांना कधी पटलं नाही. मी म्हटलं, या पानाला पाठ असावी असं वाटतं.

"नंबर जुळले का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

जुळले, मी म्हटलं.

"तीनशे बारा पानं हायत. मी सोत्ता मोजले. आता कावून कुरकुर करायलात, इंदूबाई? गाडी काय तुमच्यासाठी थांबती का?"

नंबर जुळलेच होते. तीच तर गंमत होती. कोर्टात नंबर पानाला पडतो, बाजूला नाही. बहुतेक कागद एकाच बाजूनं लिहिलेले असतात, त्यामुळं कुणाचं अडत नाही. पण एखाद्या वेळी चार-सहा ओळीच उरल्या असतील तर त्या पाठीवर लिहितात. तिला वेगळा नंबर नसतो. झेरॉक्सचं मशीन एका बाजूवर लावलं की पाठ गळते आणि तरीही मोजणी बरोबर येते. मुंशीजींनी मशीनवर गठ्ठा लावला, पानं मोजली, तीनशे बारा आली, खूश झाले.

मला जास्त बोलता येत नाही. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो. मी पुन्हा टोचा हातात घेतला. भोक पाडायला गेले आणि हात जाईना. एकदा शिवलं की शिवलं. मग हे बाड हायकोर्टात उघडेल, आणि हॉटेलवाला तिथं कायमचा जेवायला गेलेला असेल. बाहेर गयाबाई बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. मी टोचा खाली ठेवला आणि नुसती बसून राहिले.

साहेब आतून आले. काम थांबलेलं बघून म्हणाले, काय झालं. मला सांगता येईना. मुंशीजी म्हणाले, बाईंना पानाची पाठ पाह्यजे. साहेब हसले, पण माझ्याकडं बघत राहिले.

मी उठले. चौऱ्याऐंशीवं पान घेतलं आणि खिडकीच्या काचेवर टेकवलं. कोरी बाजू आमच्याकडं, लिहिलेली बाहेर. ऊन आरपार आलं. समोरून जी सावली उलटी दिसत होती ती मागून सुलटी झाली. ठळक अक्षरं उलटी झाली आणि त्यांच्या मधल्या जागेत फिकी अक्षरं सरळ उभी राहिली. तुटक तुटक. साहेब चष्मा वर करून जवळ आले. त्यांनी एक शब्द वाचला, मग दुसरा. 'लाईट.' 'आवाजावरून.'

रस्त्यावरून रिक्षा गेली तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"हबीब," साहेब म्हणाले, "नकलेचा मूळ गठ्ठा काढा."

कोर्टातून मिळालेली शिक्क्याची नकल कपाटात बांधून ठेवलेली होती. मुंशीजींनी सोडली. चौऱ्याऐंशीवं पान उलटलं. मागं सात ओळी, खाली पुन्हा हॉटेलवाल्याची सही. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. 'सुट्टीनंतर शपथेवर पुढे चालू. हे म्हणणे खरे आहे की, भांडणाच्या वेळी लाईट गेलेली होती. हे म्हणणे खरे आहे की, मी आरोपीचा चेहरा पाहिला नाही. मी त्यास आवाजावरून ओळखले.'

साहेब खुर्चीत बसले. महिनाभर त्यांनी या केसची टिपणं काढली होती, तीसुद्धा या झेरॉक्सवरूनच. खालच्या निकालात लिहिलं होतं की हॉटेलच्या बल्बच्या उजेडात आरोपी स्पष्ट दिसला. ज्या गावात सगळ्यांसाठी वीज तयार होते तिथं लाईट गेली असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी घाबरत विचारलं, वर हे कळलंच नसतं का.

साहेब म्हणाले, "मूळ रेकॉर्ड तिथं असतं. पण एवढ्या गठ्ठ्यात कुठं बघायचं हे सांगणारा मी. आणि मलाच माहीत नव्हतं."

मुंशीजी उठले. पाच झेरॉक्स काढून आणल्या, या वेळी पाठपोट. मग माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि शिवलेल्या चार संचांचे दोरे स्वतः कापायला लागले. कापताना हळूच म्हणाले, "माझ्या डोळ्याला मोतीबिंदू हाय म्हणून सांगू नका कुणाला. मला न्हाई ते."

मी म्हटलं, पान पातळ होतं, मुंशीजी.

"तुमी लई शहाण्या हायत," ते म्हणाले. टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.

जुन्या भोकांवर नवं पान बरोबर बसवावं लागतं. तिरकं गेलं तर बाड फुगतं. मी एक एक भोक उजेडाला धरून जुळवलं. चारला दहा कमी असताना पाचवी गाठ मारली. मुंशीजी संच पोत्यात घालून पळत स्टँडकडं गेले. गयाबाईनं मला विचारलं, बाई, एवढी धावपळ काहून. मी म्हटलं, एक पान राहिलं होतं. ती म्हणाली, बरं.

सुनावणीच्या दिवशी तिला एकटीनं जायची भीती वाटत होती. साहेब मला म्हणाले, तुम्ही सोबत जा, तुम्ही शिवलेलं कुठं जातं ते बघा तरी. गेटवर पास काढला आणि आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो.

मला वाटलं होतं तिथं फार मोठमोठ्यानं बोलत असतील. तसं काहीच नव्हतं. उंच खोली, थंड. पंखे इतके वर की त्यांचा वारा खाली येईपर्यंत मऊ झालेला. ना पिंजरा, ना साक्षीदार, ना प्रकाश. तो हर्सूलच्या जेलात होता. ज्याचं आयुष्य तिथं ठरत होतं तो माणूस तिथं कुठंच नव्हता. फक्त माझे संच होते. साहेब इंग्रजीत काही बोलायचे, वर दोन न्यायाधीश एकाच वेळी पान उलटायचे, आणि पाण्यावरून वारा गेल्यासारखा आवाज व्हायचा. मला वाटलं मी तळ्याच्या तळाशी बसले आहे आणि वर कुणीतरी कागदाच्या होड्या सोडतंय. गयाबाईनं माझा हात धरला होता.

सरकारी वकील उभे राहिले तेव्हा त्यांनी हॉटेलवाल्याची साक्ष काढली. न्यायाधीशांनी काहीतरी विचारलं. साहेब शांतपणे उठले आणि मराठीत म्हणाले, "पान चौऱ्याऐंशी. मागची बाजू."

दोघांनी पान उलटलं. वाचलं. एका न्यायाधीशांनी पुन्हा पुढची बाजू बघितली, पुन्हा मागची. मग सरकारी वकिलांकडं बघून एक प्रश्न विचारला. सरकारी वकिलांनीही आपल्या संचातलं ते पान उलटलं.

गयाबाईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, वाचायलेत.

निकाल त्या दिवशी दिला नाही. तो राखून ठेवतात, म्हणजे ऐकून झालं, आता लिहून सांगू. काही आठवड्यांनी आला. प्रकाश सुटला. साहेबांनी मला निकाल मराठीत सांगितला. बावीस पानांचा होता. टॉमीवरच्या रक्ताचा अहवाल नीट नव्हता, पंच फुटले होते, अशी बरीच कारणं त्यात होती. आमच्या पाठीविषयी एकच परिच्छेद. साक्षीदारानं चेहरा पाहिलेला नाही, संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा. प्रकाशनं मारलंच नाही असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, कोर्ट तसं सांगत नाही. मारल्याचं शाबीत झालं नाही, एवढंच सांगतं. मेलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. त्याचं उत्तर बाडात नसतं.

प्रकाश एकदा ऑफिसात आला. आईच्या मागं दारात उभा होता. साहेबांच्या पाया पडला, मुंशीजींच्या पडला. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी दोरा मेणातून ओढत होते. गयाबाई काही सांगायला लागली तेव्हा मीच पाणी आणायला उठले.

आता आमच्या ऑफिसात हबीब मुंशी प्रत्येक बाजूला नंबर टाकतात, आणि पाठ कोरी असली तर तिच्यावर 'कोरे' असा शिक्का मारतात. शाई फार लागते म्हणून रोज कुरकुर करतात, पण एकही पाठ सोडत नाहीत. मी शिवण्याआधी पुन्हा बघते. जिथं काहीच नव्हतं आणि जिथलं राहून गेलं, ती दोन्ही पानं दिसायला सारखीच पांढरी असतात.