लाइनमनची सायकल

आमच्या सौंसरचा लाइनमन खांबावर पक्कड वाजवायचा, कान लावायचा आणि वरची जुनी तार किती टिकेल ते सांगायचा. उत्तर ठरलेलं, “दहा वर्सं काई होत नाही.” आम्ही मात्र त्याची सायकल पाहायचो. ती तारेखालून हलली, की आमचं मिरच्यांचं वाळवणही हलायचं.

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो आणि भोपाळहून नवे साहेब तारा तपासायला आले.

“आता तरी खरं सांग ना,” मी कुजबुजलो.

“सांगतलं तर जुनी काढून नेतीन. नवी कोन देऊन राहिलं?”

साहेबांनी दहा वर्षं लिहून घेतली. यानं सायकल रस्त्यापलीकडे नेली, मग अदबीनं म्हणाला, “साहब, जीप भी उधर लगा लो. इधर धूप लगती.”

जीप कडुनिंबाच्या गर्द सावलीत उभी होती.