नाकाची बांधी

साजटोल्याच्या शिवारात, तळ्याच्या पोटाशी धानाचा एक तुकडा आहे. लोक त्याला 'नाकाची बांधी' म्हणतात. बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, हे त्या मुलखात कोणाला सांगावे लागत नाही; नाक कोणाचे, हे मात्र आता कोणाला सांगता येत नाही. तलवारीसाठी, देवळातल्या दिव्यासाठी, क्वचित निव्वळ हुजरेगिरीसाठीही जमिनी इनाम मिळाल्याचे दाखले पुष्कळ आहेत. हुंगण्यासाठी जमीन मिळालेला माणूस तिरोड्याच्या आसपास एकच झाला. तो बकाराम कलार.

बकारामच्या बापाची मोहाच्या दारूची भट्टी होती आणि बाप भट्टीइतकाच पेटलेला असे. एका होळीला तो पिऊन विहिरीत पडला. तेराव्या दिवशी आईने मुलाला कबीरपंथी महंतापुढे बसवले, त्याच्या गळ्यात कंठी घातली आणि दारूचा थेंब जिभेला लावणार नाही अशी शपथ घेवविली. भाऊबंद हसले. "कलाराचं पोट्टं अन् थेंब नाई घेत! मंग भट्टीवर का आरती ओवाळते का?" पण जिभेचे दार बंद झाल्यावर बकारामचे सारे शहाणपण नाकात जाऊन बसले. भिजत घातलेल्या मोहाच्या मडक्यांवरून तो नुसता वाकून जाई आणि सांगे, हे आज गाळा, ते उद्या, आणि ते कोपऱ्यातले फेकून द्या. मोह गेल्या सालचा की यंदाचा, डोंगराकडचा की तळ्याकाठचा, हेही तो सांगे. त्याचे कधी चुकले नाही. पुढे सरकारने गावोगावच्या भट्ट्या बंद केल्या, आणि ज्या नाकाला दुसरे कोणतेच काम येत नव्हते ते नाक घेऊन बकाराम लोकांच्या बांध्यांवर चिखलणीला जाऊ लागला.

साजटोल्याचे जमीनदार भैयाजी यांना त्याच सुमारास तांबड्या विलायती दारूचा छंद लागला. छंद म्हणणे सभ्यपणाचे आहे. नागपुरास एका साहेबाच्या बंगल्यातले तळघर त्यांनी पाहिले होते. आडव्या निजवलेल्या जुन्या बाटल्या आणि त्यांच्याकडे देवासारखे पाहणारे चार गोरे पाहुणे पाहिले होते. आणि रायबहादुरीची वाट त्या तळघरातून जाते, असा त्यांनी हिशेब बांधला होता. स्वतः ते मोहाचीच घेत. तांबडी दारू त्यांना तुरट लागे, आणि तुरट लागते हे ते कोणाजवळ बोलत नसत. धान्याच्या जुन्या पेवाचे त्यांनी तळघर केले, ओली वाळू पसरली, दारावर वाळ्याच्या ताट्या टांगल्या. बाटल्या मात्र निवडायच्या कोणी? कोणीतरी कलाराच्या नाकाची आठवण काढली.

कामठीच्या छावणीत एका पारशी व्यापाऱ्याचे दुकान होते. भैयाजी बकारामला आगगाडीने तेथे घेऊन गेले. पारशाने तीन पेट्यांतली एकेक बाटली उघडली आणि पेला पुढे केला. बकारामने पेला घेतला नाही. आपले काशाचे वाटके काढले, त्यात दोन बोटे दारू ओतवली, कड तिरपी करून रंग पाहिला, बूच हुंगले, मग वाटके हुंगले.

"अरे, पियेगा नहीं तो जानेगा कैसे?" पारशी हसला.

"जावई पाहायले त्याले चावावं लागत नाई, शेठजी," बकाराम म्हणाला. भैयाजींनी त्याच्याकडे डोळे वटारले. पारशी मात्र पोट धरून हसला. बकारामने एक वाटके दूर सारले. "हे शिजली आहे. पेटी उन्हात पडून राहिली होती." पारशाचे हसणे थांबले. ती पेटी वैशाखात मुंबईच्या गोदीवर दहा दिवस पडली होती, आणि हे त्याच्याशिवाय त्या खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते.

त्या दिवशी भैयाजींनी त्याला तळ्याच्या पोटाची ती बांधी दिली.

पुढली दहा वर्षे बकारामने तीनशेच्या वर बाटल्या निवडल्या. त्याला विलायती अक्षर वाचता येत नव्हते; बाटल्या तो चिठ्ठीवरच्या चित्राने ओळखी: कमानीची, सिंहाची, दोन बुरुजांची. वासाला शब्द नव्हते, ते त्याने आपल्या रानातून आणले. कोवळ्या दारूला जांभळाच्या सालीचा वास, मुरलेलीला जुन्या लाखेचा. आणि जिचे बूच आतून कुजले तिला पावसाळ्यात पेटीत राहिलेल्या घोंगडीचा. हे सारे तो एकाच माणसाला सांगे, त्याच्या बायकोला, रुख्माला. बुचे तो घरी आणी आणि ती चूल फुंकता फुंकता हुंगून पाही. १९११ साली दोन बुरुजांच्या बारा बाटल्या निवडून तो घरी आला तेव्हा उघडून पाहिलेल्या बाटलीचे बूच मुठीत धरून उंबऱ्यावरच बसला.

"का झालं जी? मालक रागावले का?"

"नाई. आपल्या बांधीच्या धुऱ्यावरचा म्हातारा तेंदू आहे ना, त्याच्या खाली पिकलं फळ फुटून पडते, अन् दिवस कलला की माती थंडावते. तसा वास आहे. अजून सात-आठ साल निजू द्या लागते तिले."

"मंग कायले कामठीले जाता?" बूच हुंगून रुख्मा म्हणाली. "तेंदूखालीच बसत जा ना जी. भाड्याचे पैसे वाचतीन." आणि तिने ते बूच चुलीत न टाकता तिळाच्या तेलाच्या शिशीला लावले.

जो वास तिला कळला तो पुढे दुसऱ्या कोणाला कळणार नव्हता. पण हे तेव्हा बकारामला ठाऊक नव्हते.

१९१८ च्या आश्विनात मानमोडीचा ताप आला. त्या तापाने गावेच्या गावे आडवी झाली. रुख्मा सहाव्या दिवशी गेली. बकारामला अंगात ताप असतानाच दोघांनी धरून स्मशानाच्या कडेला नेऊन बसवले. वारा फिरला आणि धूर लोकांवर आला. साऱ्यांनी धोतराचे सोगे नाकाला लावले. बकाराम तसाच बसून राहिला. दुःखाने भान गेले, असे लोकांना वाटले. भान पुरते होते. धूर डोळ्यांना झोंबत होता, घशाला लागत होता, आणि त्याला कसलाही वास येत नव्हता.

त्याच दिवसांत जमीनदाराच्या घरी आणखी एक गोष्ट झाली. दसऱ्याला शस्त्रे, नांगर, तराजू यांच्याबरोबर भैयाजी बाटल्यांचीही पूजा करवीत. एरवी बकाराम एकच बाटली सुपात तांदळावर आडवी निजवून वर आणी, कुंकू लागले की तासाभरात खाली नेई. कारण बाटली उभी राहिली की बूच वाळते, वाळलेल्या बुचातून हवा शिरते आणि दारू आंबते. त्या साली तो खाटेवर होता. घरच्यांनी मग भक्तीत कसूर ठेवली नाही. "देव का आडवा असते?" असे म्हणून त्यांनी साऱ्या बाटल्या वर आणल्या, पश्चिमेच्या ओसरीवर रांगेने उभ्या केल्या, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडू घातला, खांद्यावर कुंकू लावले. दुसऱ्या दिवशी घरातले पहिले माणूस तापाने पडले. बाटल्या खाली न्यायला कोणी उरले नाही. मार्गशीर्षात बकाराम काठी टेकीत आला तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या, दुपारच्या उन्हात, वाळलेल्या माळांसकट. त्यांत दोन बुरुजांच्या बाराही होत्या.

माघात कमिशनर साहेबाचा दौरा साजटोल्याला येणार होता. आमराईत तंबू पडणार, दुपारचे खाणे होणार, आणि त्याच खाण्यावर रायबहादुरी ठरणार. भैयाजींनी बकारामला बोलावले. "त्या बाराच्या बारा काढ. सात साल झाले ना? तूच म्हणाला होता."

हाच क्षण बोलण्याचा होता. बकाराम तो क्षण घालवून बसला. आपल्याजवळ सांगण्यासारखे एवढेच होते, आणि तेच गेले, हे माणूस सहजासहजी उच्चारीत नाही. बांधी गेली असती, घर गेले असते. पण खरी भीती वेगळी होती. नाकावाचून बकाराम म्हणजे कोण, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते. "जी मालक," तो म्हणाला.

खाण्याच्या दिवशी त्याने डोळ्यांनी जेवढे निवडता येते तेवढे निवडले. तिघींच्या मानेतली दारू खाली उतरली होती. त्या बाजूला केल्या. उरलेल्या नऊतल्या चार उघडल्या. बूच नाकाशी धरले, डोळे मिटले. बूच म्हणजे नुसते लाकूड होते. भैयाजी मागे उभे होते.

"कशी आहे?"

बकारामने मान डोलावली.

साहेबाने पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला. मग साहेब म्हणाला की असली दारू आपण शिमल्यातही प्यायलो नाही. साहेबाच्या मडमेला तो नाकवाला माणूस पाहायचा होता. बकारामला पुढे आणले. त्याने पुन्हा एकदा हुंगून दाखवले. मडमेने टाळ्या वाजवल्या.

पाहुणे उठल्यावर तो तंबूमागे गेला. चारही बाटल्यांच्या तळाशी थोडथोडी उरली होती. बावीस वर्षांत जे केले नव्हते ते त्याने केले. कंठी मुठीत धरली आणि पहिल्या बाटलीतली दारू जिभेवर घेतली. वास गेला होता, जीभ शाबूत होती. आंबट. नासलेल्या मोहाच्या मडक्यासारखी, दात शिवशिवतील अशी आंबट. दुसरीही तशीच. तिसरी बरी होती. चौथी आंबट. साहेबाने पहिलीतलेच दोन पेले मागून घेतले होते.

दिवस कलण्याआधी त्याने भैयाजींना गाठले. "मालक, मले वास नाई येत. मानमोडीपासून. साहेबाले आंबलेली दारू पाजली म्या."

भैयाजींनी आधी इकडेतिकडे पाहिले. मग ते हसले. "साहेब का म्हणाला, ऐकलं ना? तू साहेबापेक्षा शहाणा झाला का?"

"आंबट होती जी. चाखली म्या."

"चाखली?" भैयाजींची नजर कंठीवर गेली. "हे पाय बकाराम. मले ते दारू कधीच नाई समजली. आता दिसते, साहेबालेही नाई समजत. तो तुह्याकडे पाहून पेते, मी त्याच्याकडे पाहून हासतो. काम चालून राहिलं आहे. तू हुंगत जा."

"पण वास नाई येत, मालक."

"त मंग कोणाले येते?"

बकारामने हात जोडले. "बांधी वापस घ्या जी."

"येडा आहे का? नाकाची बांधी वापस घेतली त लोक विचारतीन, नाक कुठं गेलं. बांधी तुह्यापाशीच राहीन. जा."

पुढल्या नववर्षाला भैयाजी रायबहादूर झाले. बकारामची बारा वर्षे हुंगण्यात गेली. दर हिवाळ्यात पाहुणे येत, त्याला बोलावणे येई, तो बूच नाकाशी धरी आणि मान डोलावी. मग भिंतीशी उभा राहून तो पिणाऱ्यांची तोंडे पाही. पहिल्या वर्षी पकडले जाण्याच्या भीतीने पाही. नंतर ती भीती फिरली आणि आशा झाली. कोणीतरी एकाने तोंड वाकडे करावे. एका माणसाने जरी ओळखले, तर कामठीचे ते वाटके खरे होते, घोंगडीचा आणि लाखेचा वास खरा होता, आपण खरे होतो. फौजदार आले, सिव्हिल सर्जन आले, दोन कमिशनर बदलून गेले. ज्या चित्राच्या बाटल्या आंबल्या हे त्याला उरलेसुरले चाखून ठाऊक झाले होते त्याच तो मुद्दाम पुढे करी. साऱ्यांनी वाहवा केली. एकाने तर पेला उजेडाशी धरून, ही दारू कोणत्या टेकडीवरच्या द्राक्षांची, हेही सांगितले.

१९३१ च्या हिवाळ्यात मँगनीजच्या खाणीवरचा एक म्हातारा फ्रेंच इंजिनियर जेवायला आला. दोन बुरुजांची शेवटची बाटली निघाली. बकारामने मान डोलावली आणि ओतली. म्हाताऱ्याने पेला नाकाशी नेला आणि तो तेथेच थांबला. प्यायला नाही. पेला खाली ठेवला, पाणी घेतले, आणि शेजाऱ्याशी पावसाबद्दल बोलू लागला. टेबलावरचे बाकीचे वाहवा करीतच होते. बकाराम भिंत सोडून पुढे आला. त्याने बाटली पुन्हा त्या पेल्याकडे नेली. म्हाताऱ्याने वर न पाहता आपला तळहात पेल्यावर ठेवला.

बकारामने बाटली टेबलावर ठेवली आणि खाली वाकून म्हाताऱ्याच्या बुटांवर डोके टेकले.

म्हातारा दचकून मागे सरकला. टेबलावर हशा उसळला. भैयाजी सगळ्यात आधी सावरले. "आज नाकाले थोडी जास्त झाली," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि नोकरांकडे वळून, "बाहेर न्या त्याले."

दोघांनी त्याला उचलून ओसरीवर आणले. तो रडत होता की हसत होता, याबद्दल नोकरांत पुढे एकमत झाले नाही. गावाने मात्र लगेच ठरवून टाकले. कलार शेवटी प्यायलाच, लोक म्हणाले. रक्त कुठे जाते? पुढल्या उन्हाळ्यात तो गेला. भाऊबंदांनी कंठी त्याच्याबरोबर जाळली नाही, काढून ठेवली. दारुड्याच्या गळ्यात ती शोभत नाही, म्हणून.