पाचची सिहोरा

तुमसरला स्टँडसमोर एक हॉटेल होतं. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत. हॉटेलच्या पाटीवर मालकानं ‘लाउंज’ असा शब्द रंगवून घेतला होता, नागपूरला कुठंतरी पाहून आला असणार. खरं तर वरच्या मजल्यावर उतरणाऱ्या तांदळाच्या व्यापाऱ्यांसाठी खाली काढलेली ती बैठकीची खोली. लाल रेक्झिनचे दोन सोफे, एक पंखा, एक आरसा, लाकडी पेटीतला रेडिओ. दुपारी व्यापारी बाजारात गेले की एकेका चहावर आम्ही कॉलेजची पोरं तिथं ठाण मांडायचो. सत्तरच्या दशकाची ती अखेरची वर्षं. एवढा थाट मी तोवर पाहिला नव्हता.

तिथं आम्हाला नावं नव्हती. मालक गल्ल्यावरून स्टँडकडे लक्ष ठेवायचा आणि गाडी लागली की गावाच्या नावानं हाक मारायचा. मी सिहोरा. माझे दोन सोबती, आंधळगाव आणि चिखला. ज्याच्या गावाची हाक आली त्यानं उठायचं आणि पंख्याखालची जागा मागच्याला सोडायची, असा रिवाज. माझी गाडी पाचची, सगळ्यांच्या आधी. आंधळगाव सहाला जायचा. चिखल्याचे वडील मॅंगनीजच्या खाणीत होते. तो साडेसातला खाणीच्या ट्रकवर बसून जायचा. म्हणजे पंख्याखालची जागा रोज शेवटी त्याचीच.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. गप्पा रंगात आल्या की नेमकी हाक यायची, “ए सिहोरा, तुही गाडी लागली!” दुसऱ्या दिवशी हे दोघं एकमेकांकडे पाहून हसणार आणि म्हणणार, “काल तू गेल्यावर लय मजा आली गा.” काय मजा, ते मात्र सांगणार नाहीत. सातला एक मुक्कामी गाडी होती. पण कॉलेजात घालतानाच बाबांनी बजावलं होतं, पाचच्या गाडीनं आला नाहीस तर दुसऱ्या दिवशीपासून नांगर धरायचा. बाबा बोलल्याप्रमाणे करणारे होते.

तरी एक दिवस, धानकापणी चालू असताना, हाक आली आणि मी उठलो नाही. मालकानं पुन्हा हाक मारली. मी रेडिओकडे पाहत बसलो. गाडी गेली.

“काहून गा, गेला नाही?” चिखल्यानं विचारलं.

“मी गेल्यावर काय मजा करता, ते पाहाचं आहे मले.”

पाच ते सहा काहीही झालं नाही. आंधळगावनं पेपरातली एकच जाहिरात दोनदा वाचली, जांभई दिली आणि आपल्या हाकेला उठून गेला. मालकानं पंखा बंद केला. चिखला सारखा मागच्या दाराकडे पाहत होता. मध्येच म्हणाला, “तू स्टँडवर जाऊन बस ना. जागा नाही भेटन गाडीत.” मी कसला उठतो!

साडेसहाला मागच्या दारातून मालकाची बायको ताट घेऊन आली. भात, लाखोळीचं वरण, तळलेली मिरची. “बाबू, जेवून घे,” ती त्याला म्हणाली. चिखल्याची आई तो लहान असतानाच वारली, हे मला माहीत होतं. तो रोज इथं जेवतो, हे माहीत नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्याची आई आठवलीच नाही. मला दिसलं ते एवढंच, की दोन वर्षं येऊन मी अजून सिहोराच आणि हा बाबू. माझ्या पोटात दुखलं.

“तू बी बस, बाबू. आणतो ताट,” ती मला म्हणाली.

चिखल्यानं ताट स्वतःकडे ओढलं. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “त्याले कायले? त्याची माय रांधून वाट पाहून राहिली असन.”

यात थट्टा नव्हती. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. पाचची हाक आली की आरशासमोरून जाताना मी रोज तोच पाहायचो. “नको काकू,” म्हणून मी उठलो आणि स्टँडवर जाऊन बसलो.

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात उभे होते.

“गाडी चुकली?”

“हो.”

“एकदाच चुकते,” ते म्हणाले आणि नांगराचं नाव न काढता आत गेले.

आईनं ताट वाढलं. भात, आणि लाखोळीचंच वरण. मला डोळ्यांसमोर रेक्झिनच्या सोफ्यावरचं ते दुसरं ताट दिसत होतं, आणि आपलं अगदीच बेचव लागत होतं. मी तोंड वाकडं करून म्हणालो, “रोज रोज हेच काहून?”

आईनं भाताचा गंज पुढ्यात ओढला. तळ खरडून उरला होता तो सगळा भात तिनं माझ्या ताटात घातला. ती जेवली का, हे मी विचारलं नाही.